अरुंधतीदर्शन : पहिले बोट आणि खरी तारका

विवाहसंस्कारात वधूला ध्रुव व अरुंधती या तारकांचे दर्शन घडविण्याचा विधी गृह्यसूत्रांच्या काळापासून चालत आलेला आहे. आश्वलायन गृह्यसूत्रानुसार ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी यांचे दर्शन झाल्यावरच वधूने आपले मौन सोडावयाचे असते. ध्रुव हा स्थैर्याचा आदर्श, तर अरुंधती ही अखंड सहजीवनाचा आदर्श मानली गेली. आजही महाराष्ट्रात अनेक ठिकाणी गुरुजी नवदांपत्याला मांडवाबाहेर आणून उत्तरेकडे बोट दाखवितात.

मात्र पुष्कळ विवाह दिवसा लागतात. मुहूर्त दुपारचा असेल तर आकाशात या तारका दिसणे शक्य नसते. मार्गशीर्षातील लग्न रात्रीचे असले तरी त्या महिन्यात अरुंधती मध्यरात्रीच्या सुमारास उगवते. संध्याकाळी ती क्षितिजाखालीच असते. तरीही "दिसली का?" असे विचारताच वधूवर मान हलवून "हो" म्हणतात आणि विधी पूर्ण होतो. वऱ्हाडी मंडळी हा प्रसंग हसण्यावारी नेतात. परंतु विचार केला असता त्यात धर्माचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. अग्नीच्या साक्षीने संसार सुरू करणाऱ्यांचे पहिलेच वचन असत्य ठरते काय? आणि जे दिसत नाही त्याकडे बोट दाखविणारा त्या असत्याचा भागीदार होतो काय?

आकाशातील वसिष्ठ-अरुंधती

प्रथम या तारकांची ओळख करून घेणे उचित ठरेल. उत्तर आकाशात चार तारकांचा चौकोन आणि त्याला जोडलेली तीन तारकांची वक्र शेपटी अशी सप्तर्षींची आकृती आहे. चौकोनात क्रतू, पुलह, पुलस्त्य व अत्री हे ऋषी, तर शेपटीत अंगिरस, वसिष्ठ व मरीची हे ऋषी मानले जातात. शेपटीतील मधली तारका म्हणजे वसिष्ठ. त्याच्या अगदी निकट, निरखून पाहिल्यास, एक मंद तारका दिसते. तीच अरुंधती. भागवतात कर्दम ऋषींनी आपली कन्या अरुंधती वसिष्ठांना दिल्याची कथा आहे. पाश्चात्त्य खगोलशास्त्रात या दोन तारकांना मिझार आणि अल्कोर ही अरबी मुळाची नावे आहेत.

या दोहोंमधील अंतर पूर्णचंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी दिसते. वसिष्ठ हा अरुंधतीपेक्षा सुमारे सहापट तेजस्वी आहे. त्यामुळे नवख्या माणसाची दृष्टी वसिष्ठावरच खिळते आणि शेजारची मंद तारका निसटते. शहरांच्या दिव्यांच्या झगमगाटात तर अरुंधती शोधणे आणखी कठीण झाले आहे. महाराष्ट्रातून पाहणाऱ्यास वैशाख महिना यासाठी सर्वांत अनुकूल आहे. त्या वेळी रात्री नऊ-दहाच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेकडे उंच आलेले असतात.

एकच तारका, दोन उत्तरे

वर उपस्थित केलेला प्रश्न प्राचीन आचार्यांच्या दृष्टीतून सुटलेला नव्हता. पारस्कर गृह्यसूत्रात सूर्यास्तानंतर वधूला ध्रुव दाखविण्याचा विधी आहे. त्यातच पुढे असे सांगितले आहे की, वधूला तो न दिसल्यास तिने "पाहते" असेच म्हणावे. न दिसणे ही शक्यता सूत्रकारांनी मान्य केली होती आणि त्यावरचे उत्तरही विचारपूर्वक ठरविले होते.

दुसरीकडे सुश्रुतसंहितेत याच तारकांचा उल्लेख अगदी वेगळ्या संदर्भात येतो. ज्याला अरुंधती, ध्रुव आणि आकाशगंगा दिसत नाहीत, त्याचे आयुष्य सरत आले असे समजावे, असे तेथे म्हटले आहे. आजचे वैद्यक अशा लक्षणावरून आयुष्याचे अनुमान करीत नाही. परंतु येथे लक्षात घेण्याचा मुद्दा वेगळा आहे. वैद्यासमोर बसलेल्या रोग्याने न दिसणारा ध्रुव "दिसतो" असे सांगितले, तर तो वैद्याला फसवितो आणि स्वतःचेही नुकसान करून घेतो. तेथे सत्य हेच की, दिसत नसेल तर "दिसत नाही" असे म्हणावे.

मग एकाच तारकेविषयी वधूने एक बोलावे आणि रोग्याने दुसरे, हे कसे? याचे उत्तर शब्दांमागील बांधिलकीत आहे. रोग्याचा शब्द ही साक्ष असते. साक्ष उच्चारताक्षणीच खरी किंवा खोटी ठरते. पुढील आचरणाने ती बदलत नाही. वधूचा शब्द हा संकल्प आहे. मराठीत "दिसते" आणि "पाहते" या दोन क्रियापदांत जो भेद आहे, तो येथे उपयोगी पडतो. "दिसते" हे डोळ्यांत उमटलेल्या गोष्टीचे कथन आहे. "पाहते" हे त्या दिशेला दृष्टी लावल्याचे वचन आहे. संकल्प उच्चारताना अपुराच असतो. तो खरा की खोटा, हे पुढील आयुष्य ठरविते. सूत्रातील आज्ञेचा असा अर्थ घेतला, तर वधूच्या मुखी असत्य येत नाही. मात्र तिच्यावर आणि तिच्या पतीवर एक ऋण राहते. ज्या दिशेला दृष्टी लावल्याचे सांगितले, त्या दिशेला पुढे खरोखर पाहिले पाहिजे. ज्यांनी लग्नानंतर एकदाही मान वर करून पाहिले नाही, त्यांचा संकल्प केवळ तोंडचा राहिला, असेच म्हणावे लागेल.

बोट दाखविणाऱ्याचे कर्तव्य

पाहणाऱ्याप्रमाणेच दाखविणाऱ्याचीही एक जबाबदारी आहे. तिचा उत्तम विचार अरुंधतीदर्शनन्याय या नावाने प्रसिद्ध आहे. सूक्ष्म तारका एकदम दाखविता येत नाही. म्हणून दाखविणारा प्रथम जवळची मोठी, ठळक तारका दाखवितो आणि "हीच अरुंधती" असे म्हणतो. दृष्टी तेथे स्थिर झाली की तो म्हणतो, "ही नव्हे, हिच्या शेजारची ती मंद तारका पाहा." स्थूलाच्या आधाराने सूक्ष्माकडे नेण्याच्या या पद्धतीचा दाखला वेदान्तात वारंवार येतो. तैत्तिरीय उपनिषदात अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय व आनंदमय असा जो क्रम आहे, त्याचे विवेचन करतानाही आचार्यांनी हाच दाखला घेतला आहे.

येथे कोणी आक्षेप घेईल की, गुरूने आरंभी "हीच अरुंधती" म्हणून जे दाखविले ते तर खोटेच होते. चांगल्या हेतूने सांगितलेले असत्य धर्माला मान्य आहे काय?

आद्य शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात या आक्षेपाच्या उत्तराची दिशा सापडते. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपला पुत्र श्वेतकेतू याला जगाचे मूळ असलेल्या 'सत्' तत्त्वाचा उपदेश करतो. ते 'सत्' म्हणजे सांख्यांचे जड प्रधान असावे आणि आत्म्याकडे नेण्यासाठी ते केवळ पहिली पायरी म्हणून सांगितले असावे, असा पूर्वपक्ष तेथे येतो. आचार्य उत्तर देतात की, तसे असते तर अरुंधती दाखविणाऱ्याप्रमाणे उद्दालकाने पुढे "हे सोडून दे, हे ते नव्हे" असे सांगितले असते. तसे त्याने कोठेही सांगितलेले नाही. म्हणून ते 'सत्' पहिली पायरी नव्हे, तेच अंतिम तत्त्व होय.

हा युक्तिवाद तत्त्वज्ञानातील एका मतभेदासाठी आहे. परंतु त्यातून नीतीचा एक स्पष्ट नियमही निघतो. पहिल्या तारकेकडे दाखविलेले बोट निर्दोष ठरते ते पुढच्या बोटामुळे. "ही नव्हे" असे सांगण्याची तयारी ज्याच्यापाशी आहे, त्याचे पहिले वाक्य म्हणजे शिडीची पायरी होय. ज्याने शिष्याला मोठ्या तारकेपाशीच सोडून दिले, त्याचे तेच वाक्य फसवणूक ठरते. शब्द तेच, बोट तेच. भेद आहे तो दाखविणारा पुढे जातो की थांबतो, एवढाच.

दुर्बिणीतील वसिष्ठ

विशेष असे की, या तारकांच्या आधुनिक अभ्यासाचा इतिहासही याच न्यायाने घडला. १६१७ मध्ये इटलीत बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी या तारकेकडे गॅलिलिओ यांचे लक्ष वेधले. दुर्बिणीतून पाहता वसिष्ठ ही एक तारका नसून अगदी निकटच्या दोन तारका आहेत, असे आढळले. १८५७ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत या जोडीचे छायाचित्र घेण्यात आले. १८८९ मध्ये त्याच वेधशाळेतील एडवर्ड पिकरिंग यांनी जाहीर केले की, त्या दोहोंतील तेजस्वी तारकाही दुहेरीच आहे. तिच्या प्रकाशाच्या वर्णपटातील रेषा ठरावीक काळाने दुभंगतात व पुन्हा जुळतात, यावरून हे कळले. या अभ्यासात अँटोनिया मॉरी या विदुषींचा मोठा वाटा होता. ते दोन तारे सुमारे साडेवीस दिवसांत परस्परांभोवती एक फेरी पूर्ण करतात. १९०८ मध्ये दुसरी तारकाही अशीच जोडतारा असल्याचे दिसून आले. २००९ मध्ये अरुंधतीलाही एक मंद, लालसर सोबती असल्याचे आढळले. साध्या डोळ्यांना दोन दिसणाऱ्या या ठिकाणी आज एकूण सहा तारे ज्ञात आहेत, आणि ते पृथ्वीपासून सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर आहेत.

प्रत्येक पिढीने मागच्या पिढीचे बोट धरून पाहिले आणि "एवढेच नव्हे" असे म्हटले. त्यामुळे मागची पिढी खोटी ठरली नाही. तिने योग्य दिशा दाखविली होती, म्हणूनच पुढच्यांना अधिक दिसले.

पूर्वजांचा खरा गौरव

या संदर्भात एक गोष्ट प्रांजळपणे नमूद करणे आवश्यक आहे. वसिष्ठ व अरुंधती परस्परांभोवती फिरतात हे प्राचीन ऋषींना ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी ही जोडी पतिपत्नीचा आदर्श म्हणून निवडली, असे विवाहप्रसंगी आणि भाषणांतून अनेकदा सांगितले जाते. हे सांगण्यामागे पूर्वजांविषयीचा आदर असतो, यात शंका नाही. परंतु या दोन तारकांमध्ये असे भ्रमण असले तरी ते इतके संथ आहे की, मानवी डोळ्यांना ते कोणत्याही युगात दिसणे शक्य नव्हते. गृह्यसूत्रांच्या या विधींतही तसे सांगितलेले नाही.

पूर्वजांचा गौरव त्यांनी जे खरोखर केले त्यातच आहे. दुर्बीण नसताना त्यांनी अंधाऱ्या आकाशात ती मंद तारका हेरली, तिला नाव दिले, संसाराच्या उंबरठ्यावर तिचे स्मरण ठेवले आणि तिच्या दर्शनातून ज्ञान देण्याची रीत शोधली. एवढे असताना त्यांच्या पदरी न केलेले शोध टाकणे म्हणजे मोठ्या तारकेलाच अरुंधती म्हणून थांबणे होय. ऋषींच्या नावाने बोलणाऱ्याला "ही नव्हे" असे म्हणण्याचे धैर्य असलेच पाहिजे.

दर्शन आणि दान

तीर्थयात्रेलाही हाच न्याय लागू पडतो. दुरून आलेला भाविक गर्दीतून पुढे सरकतो, मूर्तीसमोर क्षणभर उभा राहतो आणि "दर्शन झाले" असे म्हणतो. त्या क्षणी त्याला काय दिसले, हे दुसऱ्या कोणी तपासू नये. मूर्ती ही दृष्टी स्थिर करणारी ठळक तारका आहे. तिच्यामुळेच सूक्ष्माचा ठाव लागतो. म्हणून ती मिथ्या म्हणून टाकून देणे योग्य नव्हे. परंतु घरी परतल्यावर वृद्ध आईवडिलांमध्ये, दाराशी आलेल्या भुकेल्यामध्ये आणि ज्याच्याशी वैर आहे त्याच्यामध्येही तेच चैतन्य शोधले नाही, तर दर्शन मोठ्या तारकेपाशीच थांबले.

दानाचेही तसेच आहे. पायरीवर कोरलेले नाव, फलकावरील उल्लेख, पूर्ण झालेला नवस या गोष्टी माणसाला देण्याची सवय लावतात. आरंभी त्यांचा आधार घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. तथापि, ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही त्याला, कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी व काळी दिलेले दान सात्त्विक होय, असे गीतेत सांगितले आहे. नावासाठी दिलेले दान म्हणजे वसिष्ठ. नावाशिवाय दिलेले दान म्हणजे त्याच्या शेजारची अरुंधती. तिचे तेज मंद असते, म्हणून ती शोधावी लागते. दान स्वीकारणाऱ्यांनीही दात्याला पहिल्या तारकेपाशीच रोखून धरू नये, हे ओघानेच आले.

समारोप

मांडवातील त्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. दिवसाउजेडी "पाहते" म्हणणारी वधू असत्य बोलत नाही. ती एक ऋण स्वीकारते. ते फेडण्यास फारसे काही लागत नाही. वैशाखातील एखाद्या निरभ्र रात्री, दिव्यांपासून दूर, पतिपत्नींनी उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. सप्तर्षींची शेपटी शोधावी, मधल्या तारकेवर दृष्टी ठेवावी आणि थोडा धीर धरावा. एकाला आधी दिसली, तर त्याने दुसऱ्याला दाखवावी. दिसली नाही, तर तसे मोकळेपणाने सांगावे आणि पुन्हा पाहावे. लग्नाला चाळीस वर्षे झालेल्यांनीही हे करण्यास हरकत नाही. अरुंधती अजून तेथेच आहे.