खवल्याची साक्ष

रोहूचा खवला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की झाडाच्या बुंध्यात दिसावीत तशी एकात एक वर्तुळे दिसतात. वाढ जोमाने झाली त्या काळातली विरळ, मंदावली त्या काळातली दाट. त्यावरून जाणकार माशाचे वय सांगतात. जिताड्याच्या खवल्याला मागच्या कडेने कंगव्यासारखे दाते असतात. दोहोंत वरचा थर हाडासारखा कठीण आणि खाली कोलॅजनच्या तंतूंचे पापुद्रे, एकमेकांना छेदत रचलेले. म्हणून खवला लवतो, पण सहजी फाटत नाही. विळीवर खरवडून कचऱ्यात टाकण्याच्या वस्तूत ही योजना पाहून ‘सुबहानल्लाह’ ओठांवर येते.

करंजाड्यातील आमच्या घरी मुलाने हौसेने मुशीच्या कातडीचा तुकडाही काचेवर घेतला. हाताला पॉलिश पेपरसारखी लागणारी ती कातडी म्हणजे दाट बसवलेल्या सूक्ष्म दातांची रांग निघाली. आत दंतिन, वर चकचकीत कवच. ‘‘अब्बा, मुशीलाही खवले आहेत! आता पाहुण्यांना वाढता येईल.’’

येणारे स्नेही जाफरी फिकहचे. त्यांच्याकडे खवले असलेलाच मासा हलाल. कोकणातले आपण बहुतेक शाफिई, घाटावरून आलेले शेजारी हनफी. आपल्यापैकी कोणाकडेच माशाला ही अट नाही. सूरह अल-माइदामध्ये समुद्राची शिकार हलाल ठरवली आहे, तेवढे आपल्याला पुरते. मसाल्यात मुशी कोणाला ओळखू येणार, हा विचार माझ्याही मनात डोकावून गेला, हे कबूल केले पाहिजे.

मुलाचा युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. इराणमध्ये स्टर्जन हा मासा बिनखवल्याचा म्हणून निषिद्ध मानत. तज्ज्ञांनी त्याच्या अंगावर, विशेषतः शेपटीकडे, खवले असल्याचे सांगितल्यावर 1983 मध्ये आयतुल्लाह खोमेनी यांनी तो हलाल ठरवला. म्हणजे निरीक्षणाची साक्ष फिकहमध्ये ग्राह्य आहे. पण तिथे तज्ज्ञांनी साक्ष दिली, निर्णय मुज्तहिदाने दिला. शिवाय ते खवले उघड्या डोळ्यांना दिसणारे होते. भिंगाखालीच दिसते त्यावर हुकूम बेतायचा, तर वुजूच्या पाण्याच्या थेंबातही जीव वळवळताना दिसतात; म्हणून ते पाणी कोणी नापाक म्हणत नाही. शरीअत शेतकऱ्यालाही पाळता यावी अशी आहे आणि कोळ्यालाही. तिच्यासाठी प्रयोगशाळा गाठावी लागत नाही.

आणि समजा, मुलाचे म्हणणे बरोबर असते, तरी त्या स्नेह्यांच्या वतीने ते मान्य करण्याचा अधिकार मला कोणी दिला? पाहुणा यजमानाच्या शब्दावर घास उचलतो. तो शब्द म्हणजे अमानत. माझ्या दृष्टीने हलाल असलेला पदार्थ लपवून वाढला, तर अन्न हलालच राहील. लपवणे राहणार नाही.

त्या रात्री रोहूचे कालवण झाले. जेवणानंतर मुलाने पाहुण्यांना दोन्ही काचा दाखवल्या. मुशीच्या दातांकडे ते बराच वेळ पाहत राहिले आणि आपल्या आलिमांना विचारून पाहतो म्हणाले. आमची मुशी दुसऱ्या दिवशी शिजली.