वाटे करणारा हात

आपल्याकडे भावाभावांच्या वाटणीत एक जुना रिवाज आहे. थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. उरलेला वाटा आपल्याच पदरात पडणार हे ठाऊक असलं की थोरल्याचा हात सरळ चालतो.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मतदारसंघांची वाटणी मात्र उफराटी होती. दर १० वर्षांनी जनगणना झाली की विधिमंडळात ज्यांचं बहुमत, तेच नकाशा आखत आणि त्याच नकाशाच्या जोरावर पुन्हा निवडून येत. म्हणजे वाटे करणाराच आधी उचलणार. २०११ च्या नकाशातला संसदेचा १४ वा मतदारसंघ पाहा. डेट्रॉइटच्या पूर्वेकडून निघालेली ही पट्टी शहरातून पश्चिमेला जाते, मग उत्तरेला वळते आणि वेडीवाकडी होत थेट पाँटिअॅकला पोचते. विरोधकांची मतं एका पिशवीत कोंबली, की आजूबाजूचे मतदारसंघ आपले.

नोव्हेंबर २०१६ मध्ये केटी फेही नावाच्या २७ वर्षांच्या मुलीने कामावर जाण्यापूर्वी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या: हे मोडून काढायचंय, कुणी सोबत येणार का? राजकारणातला तिला काही अनुभव नव्हता. पण लोक आले. ३३ दिवसांत ३३ सभा झाल्या. मग हातात पॅड घेऊन हजारो माणसं जत्रांत, रस्त्यांवर उभी राहिली. घटनादुरुस्ती मतदानाला ठेवण्यासाठी सह्या हव्या होत्या ३ लाख १५ हजार, जमल्या सव्वाचार लाख, त्याही सह्यांमागे पैसे न मोजता. २०१८ च्या नोव्हेंबरात ६१ टक्के मतदारांनी राज्यघटना दुरुस्त केली.

आता नकाशा आखणारा नागरिकांचा आयोग १३ जणांचा ठरला: दोन मोठ्या पक्षांचे ४-४ आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले ५. आमदार, उमेदवार, पक्षाचे पदाधिकारी यांना मज्जाव. त्यांच्या आईवडिलांना, मुलांना, जोडीदारांनाही. ९ हजारांवर अर्ज आले, त्यांतून शेवटी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड झाली. आणि ज्याने नकाशा आखला, त्याने ५ वर्षं राज्यात पक्षाच्या तिकिटावर मिळणारं पद घ्यायचं नाही. थोरल्या भावाचा रिवाजच तिथे कलम होऊन बसला.

तरी चूक झालीच. तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून आयोगाने डेट्रॉइटमध्ये मतदारांच्या वर्णाची टक्केवारी समोर ठेवून रेषा ओढल्या. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तोडून उपनगरांना जोडल्या. २०२१ च्या सुनावणीत डेट्रॉइटकर पोटतिडकीने सांगत होते, तरी नकाशा तसाच राहिला. शेवटी काही रहिवासी न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांनी राज्य विधिमंडळाचे १३ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले.

मला या गोष्टीतला पुढचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आयोगातल्या कुणालाही त्या रेषांवर कुठलीच निवडणूक जिंकायची नव्हती. खुर्ची वाचवायची असती, तर खोडरबर हातात घेणं जड गेलं असतं. ते पुन्हा सगळ्यांसमोर, उघड बैठकीत नकाशा पसरून बसले. जुन्या रेषा पुसल्या, नव्या ओढल्या. कनिष्ठ सभागृहाचा जो नवा नकाशा त्यांनी मंजूर केला आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयानेही मान्य केला, त्याचं नाव होतं ‘मोटाऊन सनराइज’. मोटाऊन म्हणजे डेट्रॉइट, आणि सनराइज म्हणजे तिथला सूर्योदय.