रिआयत आणि हक्क

उर्दूत 'रिआयत' आणि 'हक' हे दोन वेगळे शब्द आहेत. रिआयत म्हणजे सवलत. देणाऱ्याची मर्जी असेल तोवर ती टिकते. हक म्हणजे जे माणसाचे असतेच, ते देण्याघेण्याचा प्रश्न नसतो. आपल्या मराठीतला 'रयत' हा शब्द आणि 'रिआयत' हा शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. कळप राखणे, चारणे हा त्या धातूचा मूळ अर्थ. माणसे जोवर रयत असतात तोवर त्यांच्या वाट्याला रिआयतच येते, हे भाषेनेच सांगून ठेवले आहे. रशियाच्या शेवटच्या तीन झारांचा इतिहास हा या दोन शब्दांमधल्या अंतराचा इतिहास आहे, असे मला वाटते.

या इतिहासातून एक धडा हमखास काढला जातो. सुधारणा सुरू केल्या म्हणूनच क्रांती झाली, झारने दोर सैल सोडला नसता तर सिंहासन वाचले असते, असा तो धडा. वाईट राजवट स्वतःला सुधारू लागते तोच तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा काळ, असे फ्रेंच विचारवंत तोकव्हिल यांचे निरीक्षण होते. निरीक्षण खरे असेल, पण त्यावरून 'म्हणून सुधारूच नये' असा निष्कर्ष काढणे ही सत्ताधाऱ्यांची सोय झाली. प्रश्न सुधारणेचा आहे, की सुधारणा देणाऱ्या हाताचा?

झार दुसरा अलेक्झांडर १८५५ मध्ये गादीवर आला. भूदासप्रथा खालून मोडली जाण्यापेक्षा वरून मोडलेली बरी, असे त्याने पुढच्याच वर्षी मॉस्कोच्या सरदारांना सांगितले. १९ फेब्रुवारी १८६१ च्या जाहीरनाम्याने जमीनदारांच्या ताब्यातले सुमारे २ कोटी ३० लाख भूदास मुक्त झाले. (येथील तारखा जुन्या रशियन कालगणनेच्या आहेत.) ही गोष्ट लहान नव्हती. काल ज्याला विकता येत होते, ज्याच्या लग्नाला मालकाची परवानगी लागत होती, तो आज कायद्याने माणूस ठरला. याला कोणी शून्य म्हणेल तर तो त्या माणसांचा अपमान होईल.

पण जमीन? पिढ्यान् पिढ्या जी कसली ती शेतकऱ्याला विकत घ्यावी लागली. जमीनदाराचा मोबदला सरकारने चुकता केला आणि त्याची वसुली शेतकऱ्याकडून ४९ वर्षांच्या हप्त्यांनी सुरू केली. अनेक भागांत पूर्वीपेक्षा कमी जमीन हाती आली. हप्त्यांची जबाबदारी सबंध ग्रामसमुदायावर होती, म्हणून परवानगीशिवाय गाव सोडता येत नव्हते. कझान प्रांतातल्या बेझ्दना गावी अंतोन पेत्रोव नावाच्या साक्षर शेतकऱ्याने जाहीरनाम्याचा आपल्या परीने अर्थ लावला आणि सांगितले की झारने खरी मुक्ती दिली आहे, जमीनदारांनी ती दडवली आहे. हजारो लोक त्याच्या घराभोवती जमले. एप्रिल १८६१ मध्ये सैन्याने गोळीबार केला, पन्नासहून अधिक शेतकरी मेले, पेत्रोवला देहदंड झाला. मुक्तीच्या फर्मानाला दोन महिनेही झाले नव्हते. त्या माणसांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी रिआयतीचा कागद हक्काचा कागद म्हणून वाचला.

पुढच्या प्रत्येक सुधारणेचे असेच झाले. १८६४ मध्ये ज्यूरीची न्यायालये आली. १८७८ मध्ये वेरा झासुलिच या तरुणीवर खटला चालला. एका कैद्याला फटके मारायला लावणाऱ्या पीटर्सबर्गच्या गव्हर्नरवर तिने गोळी झाडली होती. ज्यूरीने तिला निर्दोष सोडले. लगेच सरकारने अधिकाऱ्यांवरील हल्ल्यांचे खटले ज्यूरीकडून काढून घेतले. म्हणजे निकाल आपल्या मनासारखा लागेल तोवरच न्यायालय स्वतंत्र.

येथे दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. १ मार्च १८८१ रोजी सकाळी अलेक्झांडरने लोकप्रतिनिधींचा सल्ला घेण्याच्या एका मर्यादित योजनेला संमती दिली. त्याच दिवशी 'नारोदनाया वोल्या' या गुप्त संघटनेच्या बॉम्बने त्याचा बळी घेतला. पहिल्या बॉम्बमधून तो वाचला होता. जखमींकडे पाहण्यासाठी गाडीतून उतरला आणि दुसरा बॉम्ब पडला. बॉम्ब का तयार होतो हे समजून घेणे आणि बॉम्बला माफी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनतेच्या नावाने बॉम्ब टाकणाऱ्यांनी जनतेला विचारले नव्हते. त्यांनी एक माणूस मारला, व्यवस्था तशीच राहिली, उलट तिला सूड घ्यायला निमित्त मिळाले.

नवा झार, तिसरा अलेक्झांडर, याने ती योजना बासनात गुंडाळली. १८८७ मध्ये शिक्षणमंत्री डेल्यानोव यांचे परिपत्रक निघाले: गाडीवान, नोकर, स्वयंपाकिणी, धोबिणी, लहान दुकानदार यांच्या मुलांना माध्यमिक विद्यालयांत प्रवेश देऊ नये. ज्या शिक्षकाच्या वर्गात रोज हीच मुले बसतात, त्याला हे परिपत्रक शांतपणे वाचता येत नाही. दार मुळातच बंद असते तर मुलाने नशिबाला दोष दिला असता. अर्धवट उघडून तोंडावर आपटलेले दार कोणी आपटले हे त्याला पक्के ठाऊक असते.

१८९५ मध्ये दुसऱ्या निकोलसने राज्यकारभारात सहभागाच्या अपेक्षेला निरर्थक स्वप्ने म्हटले. ९ जानेवारी १९०५ रोजी झारच्या तसबिरी हातात घेऊन, अर्ज घेऊन निघालेल्या कामगारांवर पीटर्सबर्गमध्ये गोळ्या चालल्या. देश पेटला तेव्हा १७ ऑक्टोबरला झारने नागरी स्वातंत्र्य आणि ड्यूमा, म्हणजे निवडलेली संसद, देऊ केली. पहिली ड्यूमा १९०६ मध्ये अडीच महिनेही टिकू दिली नाही. दुसरी ३ जून १९०७ रोजी बरखास्त झाली आणि निवडणुकीचा कायदाच बदलला.

याची झळ मुसलमानांनाही बसली. १९०५ च्या ऑगस्टमध्ये रशियातल्या मुस्लिम पुढाऱ्यांना सभेची परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी निझ्नी नोवगोरोदला ओका नदीत बोटीवर आपली पहिली परिषद भरवली. नव्या पद्धतीच्या शाळा सुरू करणारे इस्माईल गास्प्रिन्स्की तिथे होते. बॉम्ब नाही, कट नाही, फक्त बरोबरीचे नागरिकत्व ही मागणी. मुस्लिम सदस्य ड्यूमात गेलेही. १९०७ च्या कायद्याने त्यांची संख्या घटली आणि तुर्कस्तान प्रांताचे, म्हणजे ताश्कंद-समरकंदचे, प्रतिनिधित्व तर पूर्णच गेले. तेथील लोकांचा नागरी विकास पुरेसा झालेला नाही, असे कारण देण्यात आले. १९१६ मध्ये मात्र त्याच लोकांतल्या १९ ते ४३ वयाच्या पुरुषांना युद्धाच्या मजुरीसाठी हजर होण्याचे फर्मान सुटले. मत द्यायला अपात्र आणि खंदक खणायला पात्र! उठाव झाला, तो चिरडला गेला. हजारो मेले, हजारो चीनच्या हद्दीत पळाले. त्यांच्या वतीने उभे राहायला ड्यूमात त्यांचा स्वतःचा एकही माणूस नव्हता. काही महिन्यांतच, मार्च १९१७ च्या आरंभी, निकोलसने गादी सोडली.

मग अर्धा न्याय शून्य न्यायापेक्षा वाईट म्हणायचा का? नाही. भुकेल्याला अर्धी भाकरीही हवीच असते. वाईट आहे ती भाकरीला बांधलेली दोरी. झारांनी बरेच काही दिले, पण परत घेण्याचा अधिकार कधी दिला नाही. म्हणून देणे पुरे झालेच नाही. सत्ता ही अमानत आहे असे मानणारा, दुसऱ्याचे त्याला परत केले म्हणून आभाराची अपेक्षा ठेवत नाही. मालक समजणारा ठेवतो आणि आभार मिळाले नाहीत की चिडतो.

ही वृत्ती झारबरोबर गेली असती तर बरे झाले असते. पण तसे झाले नाही. १९१७ च्या अखेरीस सार्वत्रिक मताने निवडलेली संविधान सभा ५ जानेवारी १९१८ रोजी भरली. बहुमत बोल्शेविकांचे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सभा बंद केली. सिंहासन गेले, पण लोकांना किती द्यायचे आणि केव्हा काढून घ्यायचे हे ठरवणारा हात राहिला. रयत रयतच राहिली.

सुधारणा मोजण्याचे माप म्हणून यातून एकच हाती येते. काय मिळाले हे तर पाहावेच, पण देणाऱ्याचे मन उद्या फिरले तर ते आपल्याकडे राहील का, हेही विचारावे. उत्तर 'नाही' असेल, तर मिळाले ते रिआयत आहे. ते घ्यावे, वापरावे, पण त्याला हक्क समजून स्वस्थ बसू नये.