खरे किती मोठ्याने सांगावे?

खरे बोलले म्हणजे योग्य बोलले असे होते काय, हा वाणीच्या नीतीतला जुना प्रश्न संगणकाच्या अंतरंगातही उभा राहतो. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, प्रत्येक उपकरण हाताळणारा ड्रायव्हर हा प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी, म्हणजेच लॉग, लिहीत असतो आणि प्रत्येक नोंदीला ० ते ७ यांपैकी एक तीव्रतेची पातळी देतो. ० ही आणीबाणी, ३ ही चूक, ४ हा इशारा, ६ ही साधी माहिती आणि ७ हा केवळ दोष शोधणाऱ्यासाठीचा तपशील. तीव्रता घटनेतच असते, ही समजूत सर्रास आढळते, पण ती टिकत नाही.

यंत्र सुरू होताना टचस्क्रीनच्या ड्रायव्हरला वीजपुरवठा नियंत्रित करणारा रेग्युलेटर हवा असतो, पण रेग्युलेटरचा ड्रायव्हर अद्याप आलेला नसेल, तर टचस्क्रीनचा ड्रायव्हर 'नंतर पुन्हा पाहा' अशा अर्थाचा संकेत परत करतो आणि कर्नल काही वेळाने त्याला पुन्हा संधी देतो. 'रेग्युलेटर सापडला नाही' हे विधान त्या क्षणी शब्दशः खरे असते; तरीही ते चूक म्हणून नोंदले, तर सुरळीत चाललेल्या यंत्राच्या लॉगमध्ये खोट्या संकटांची रांग लागते. म्हणून २०२० साली लिनक्स ५.९ मध्ये 'डेव्ह_एर_प्रोब' हे फंक्शन आले, जे अशा प्रतीक्षेची नोंद ७ वर उतरवते, इतर अपयश ३ वरच ठेवते आणि प्रतीक्षेचे कारणही शोधणाऱ्याला सापडेल असे जपून ठेवते.

गीतेचा सतरावा अध्याय वाङ्मय तप, म्हणजे वाणीचे तप, सांगताना सत्याच्या जोडीला अनुद्वेग, प्रियता आणि हित मागतो. यांतली प्रियता यंत्राला लावणे धोक्याचे आहे, कारण डिस्कवरचे लेखन फसल्याची नोंद ६ वर टाकणे हे गोड बोलून केलेले लपवणेच होय. कर्नल 'क्वायट' पर्यायाने सुरू केला असता सामान्यतः ३ पर्यंतच्याच नोंदी पडद्यावर येतात, म्हणजे ६ वर टाकलेली ती नोंद तिथे दिसतच नाही.

खरी अडचण मधल्या प्रकरणांत आहे. तिसऱ्या प्रयत्नात यशस्वी झालेले वाचन वापरणाऱ्याचे काहीच बिघडवत नाही, पण केबल झिजत असल्याचे ते लक्षणही असू शकते, आणि ड्रायव्हरला आपल्या उपकरणापलीकडचे दिसत नसते. अशा वेळी ४ हीच प्रामाणिक पातळी मानावी लागते, मात्र दर खेपेला नव्हे, तर कर्नलच्या नेहमीच्या मर्यादेत, म्हणजे ५ सेकंदांत फार तर १० नोंदी.