तिथे राहतातच कशाला?



2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पूर आला, तेव्हा मी शाळेच्या गावी दुसऱ्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीत टीव्ही पाहत बसलो होतो. पत्र्यावर चढून बसलेली माणसे दिसली आणि माझ्या तोंडून निघून गेले, "पाणी येते हे ठाऊक असून ही माणसे तिथे राहतातच कशाला?" आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आपलं घर कुठं हुतं रं, मास्तर?"

आमचे घर ओढ्याला लागून होते. आजोबांनी ती जागा पसंत केली नव्हती. गावाने उंचावरची पांढरी स्वतःकडे ठेवली आणि आमच्या वाड्याला ओढ्याचा काठ दिला. घरातला पहिला पदवीधर म्हणून मिरवणारा मी, दोन जिने चढताच हे विसरलो होतो.

तुम्हीही हा प्रश्न ऐकला असेल, कदाचित विचारलाही असेल. म्हणून संयुत्त निकायातली एक गोष्ट सांगतो. मोलियसीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले, काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणसाच्या वाट्याला येणारे सारे सुखदुःख पूर्वकर्मामुळेच येते. यावर आपले म्हणणे काय? तथागतांनी ते मानले नाही. पित्त, कफ, वात, ऋतूचा पालट, दुसऱ्याने केलेला आघात अशी निरनिराळी कारणे त्यांनी मोजून दाखवली. डोळ्यांना दिसणारे कारण सोडून कर्माकडे धावणे त्यांना मान्य नव्हते.

'नशिबाचे भोग' हे शब्द आपण दीक्षेच्या दिवशी उंबऱ्याबाहेर टाकले. पण 'तिथे राहतातच कशाला' हे त्याच शब्दांचे शिकलेसवरलेले रूप आहे. पूर्वजन्माच्या पापाच्या जागी पूरग्रस्ताचा अडाणीपणा बसवला, एवढाच काय तो फरक. कारण शोधण्याचे कष्ट दोन्हीकडे वाचतात!

हे आपल्याच देशात चालते असेही नाही. ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून आपल्या दलित पँथरने 1972 साली नाव घेतले, त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनीही हेच ऐकले. न्यू ऑर्लिन्स शहरात तेव्हा दोन-तृतीयांश वस्ती त्यांची होती. 29 ऑगस्ट 2005 रोजी कॅटरिना चक्रीवादळ आले, पूर अडवणाऱ्या भिंती कोसळल्या आणि सुमारे ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेले. हजाराहून अधिक माणसे दगावली. प्रेते अजून पाण्यातच होती, तेव्हा सरकारच्या आपत्तीनिवारण खात्याचे प्रमुख मायकेल ब्राउन म्हणाले की बऱ्याच जणांनी आधी दिलेला इशारा मानला नाही. तिथल्या लोकसभेचे सभापती डेनिस हॅस्टर्ट यांना तर शहर पुन्हा बांधण्यातच अर्थ दिसेना.

आता कारणे पाहा. शहर सोडण्याचा सक्तीचा हुकूम निघाला तो वादळाच्या आदल्या दिवशी. शहरातल्या सुमारे पाव कुटुंबांकडे मोटार नव्हती. त्यात महिनाअखेर! एकोणतीस तारखेला गरिबाच्या हातात काय असते, हे तुम्हाला सांगायला नको. जे पायी निघाले त्यांना ग्रेटना गावच्या पोलिसांनी पुलावरून हाकलले, डोक्यांवरून गोळ्या झाडल्या. सर्वांत जास्त झोडपल्या गेलेल्या लोअर नाइन्थ वॉर्डात निम्म्याहून अधिक कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. उंचावरची जागा त्यांना परवडत नव्हती. जिथे परवडली तिथे पैसा पैसा जोडून घर केले. असे घर सोडून जायचे कुठे? आणि त्या भिंती? त्यांच्या रचनेतच दोष होता, हे त्या बांधणाऱ्या लष्कराच्या अभियंता दलाने 2006 साली कबूल केले.

ओडिशाचेही पाहा. 29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. पुढे सरकारने किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, इशारा गावोगाव पोचवण्याची व्यवस्था केली. 12 ऑक्टोबर 2013 रोजी फायलिन वादळ आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलवली होती. मृत्यू पन्नासाच्या आत राहिले. किनारा त्याच राज्याचा, माणसे तशीच गरीब, कोळी आणि शेतमजूर. चौदा वर्षांत सगळ्यांची पूर्वकर्मे एकदम धुऊन निघाली म्हणायची का?

येत्या वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन आटोपले की घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, आपल्या वाड्याला ही जागा कुणी दिली, आणि पाणी कुठवर चढायचे? ते मुलांच्या वहीत लिहून घ्या. मी आईला विचारले. तिने कमरेशी हात धरून दाखवला, मग थांबली, आणि आणखी वीतभर वर नेला.