गाण्यावरचा हक्क

आवडतें गाणें कोणतें, असें एखाद्याला विचारलें तर तो गाण्याविषयीं फारसें बोलत नाहीं. थोड्याच वेळांत स्वतःविषयीं बोलूं लागतो. चाल कशी आहे, शब्द कोणाचे आहेत, गळा कोणाचा आहे, हें सारें दोन वाक्यांत उरकतें आणि मग मॅट्रिकचें वर्ष, आजोळचा जिना, वडिलांनीं घरीं आणलेला पहिला रेडिओ, बहिणीच्या लग्नांतली दुपार, असें कांहीं तरी सुरू होतें. ऐकणाराहि मान डोलावतो, पण ती त्या गाण्याला नव्हे. एवढ्यांत त्याला त्याचें स्वतःचें आजोळ आठवलेलें असतें. अशीं दोन माणसें एकाच गाण्यावर तासभर बोलतात आणि गाणें बिचारें दाराशींच उभें राहतें.

संगीताच्या जाणकारांना या गोष्टीचा मोठा संताप येतो. माझ्या ओळखीचे एक गायनशिक्षक म्हणत असत, "तुम्हां लोकांना गाणें आवडत नाहीं, तुम्हांला तुमचें बालपण आवडतें. त्या वेळीं शेजारीं कोणी पत्र्याचा डबा वाजवीत असता, तर आज तुम्ही डब्याचा आवाज ऐकून डोळे पुसले असते." हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. त्यांत एक सौंदर्याचा प्रश्न आहे आणि एक नीतीचाहि. आठवणीनें ओलावलेलें मन गाण्याचा खरा न्याय करूं शकतें काय, हा सौंदर्याचा प्रश्न. आणि त्याचें उत्तर सोपें आहे. करूं शकत नाहीं. शाळेच्या स्नेहसंमेलनांत म्हटलेलें एखादें सामान्य पद मला आजहि थोर वाटतें, एवढ्यानें तें थोर ठरत नाहीं. नीतीचा प्रश्न मात्र इतक्या लवकर मिटत नाहीं. आपण 'माझें गाणें' म्हणतों तेव्हां तें कोणत्या अर्थानें माझें असतें, आणि त्या माझेपणामुळें दुसऱ्याकडून कांहीं मागण्याचा मला अधिकार पोहोंचतो काय?

प्रथम जुन्या शास्त्रकारांना विचारून पाहूं. दहाव्या-अकराव्या शतकांतल्या काश्मिरांत अभिनवगुप्तानें भरताच्या नाट्यशास्त्रावर 'अभिनवभारती' ही टीका लिहिली. तींत त्यानें रसास्वादाच्या आड येणारीं सात विघ्नें सांगितलीं आहेत. त्यांतलें एक नेमकें आपल्या कामाचें आहे: प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखानें इतका विवश झालेला असतो कीं, दुसऱ्या कोणत्याहि वस्तूवर त्याचें चित्त विसावूं शकत नाहीं. हें वचन आमच्या गायनशिक्षकांच्या हातीं लागलें असतें, तर त्यांनीं तें चौकटींत घालून भिंतीवर टांगलें असतें. परंतु याच विघ्नावर अभिनवगुप्तानें जो उपाय सांगितला आहे, तो त्यांना तितकासा रुचला नसता. तो म्हणतो, या विघ्नाच्या निवारणासाठींच नाट्यांत वाद्यें, गाणें, सजविलेला मंडप अशीं साधनें योजलेलीं असतात; कारण सर्वांनीं भोगलीं तरी तीं उणीं होत नाहींत, आणि या सर्वसाधारणपणाच्या बळावर तीं माणसाचें मन रंगवितात. म्हणजे स्वतःच्या दुःखांत कोंडलेला माणूस हा रोगी, आणि गाणें हें त्याचें औषध! आपल्यापैकीं पुष्कळ रोगी औषधाची बाटली उशाशीं घेऊन निजतात आणि ती दुसऱ्या कोणाची नाहीं असें बजावतात, ती गोष्ट वेगळी.

शास्त्रापेक्षां काव्य कधीं कधीं अधिक खोल जातें. 'शाकुंतला'च्या पांचव्या अंकाच्या आरंभीं हंसपदिका पडद्याआड गात असते. कमळावर जाऊन बसलेला भुंगा आंब्याच्या मोहोराला कसा विसरला, अशी तिची तक्रार आहे. दुष्यंताला त्या गाण्याचा रोख लगेच कळतो. राणी वसुमतीच्या नादानें आपण हिला विसरलों, त्याचा हा टोमणा, हें ओळखून तो विदूषकाला तिची समजूत घालावयास पाठवितो. येथपर्यंत सारें सरळ आहे. पण विदूषक गेल्यावर राजा अस्वस्थ होतो. प्रिय माणसाचा विरह नसतांना हें गाणें ऐकून जीव असा कां हुरहुरतो, हें त्याला समजत नाहीं. मागल्या जन्मांचीं कांहीं नातीं मनांत नकळत जागीं होत असावींत, अशी तो स्वतःची समजूत करून घेतो. शकुंतला त्याला आठवत नाहीं, दुर्वासाच्या शापानें ती पुसली गेली आहे. शाप स्मृतीवर चालला, गाण्यावर चालला नाहीं. आतां हें गाणें कोणाचें म्हणावयाचें? गाइलें हंसपदिकेनें, दुःख तिचें, रोख राजावर. आणि हललें तें मनाच्या तळाशीं असलेलें तिसऱ्याच एका स्त्रीचें प्रेम, जिचें नांवहि हंसपदिकेनें ऐकलें नसेल. माझ्या गाण्यांत ही दुसरी कोठून आली, असा दावा हंसपदिकेला लावतां येईल काय?

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाहीं, हें मला मोहन्यांत कळलें. कल्याणच्या पुढें, उल्हास नदीच्या कांठीं, आंबिवली स्टेशनच्या जवळचें हें गांव. मूळची वस्ती आगरी-कोळ्यांची. पुढें नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कृत्रिम रेशमाचा कारखाना आला आणि त्याच्याबरोबर निरनिराळ्या प्रांतांतलीं माणसें आलीं. तो कारखाना २००९ सालीं बंद पडला. माणसें बरीचशीं तेथेंच राहिलीं. भिंतीला भिंत लागून घरें असलेल्या अशा ठिकाणीं गाणें कधींच एका घराचें नसतें. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला असे, म्हणून रेडिओ हळू लावीत. पण हळू लावलेला रेडिओहि तीन घरांना ऐकूं जाई. दुसऱ्याच्या खिडकींतून आलेलीं गाणींच आम्हां पुष्कळांचीं 'आवडतीं गाणीं' होऊन बसलीं आहेत. आम्हीं तीं निवडलीं नव्हतीं.

आमच्या आळींत एक बाई होत्या. सारे त्यांना काकी म्हणत. त्यांचा एकुलता मुलगा बाराव्या वर्षीं, ऐन गणपतींत, तापानें गेला. त्या वेळीं मंडपांत एक गाणें लागलेलें होतें. कोणतें, तें सांगत नाहीं. वाचकांपैकीं कोणाच्या तरी लग्नांत तें वाजलें असेल. पुढल्या वर्षीं मंडप उभा राहिला तेव्हां आळींतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं मुलांना बजावलें कीं, यंदा तें गाणें लावूं नका. मुलांत दोन तट पडले. एक जण म्हणाला, "गाणं काय एकट्या काकींचं आहे? आमच्या ताईच्या हळदीला तेच वाजलं होतं. मग ताईनं काय करायचं?" त्याच्या बोलण्यांत उर्मटपणा नव्हता. त्याची बहीण दूर दिलेली होती, आणि वर्षांतून एकदां माहेरीं येई ती गणपतीलाच.

अशा वेळीं कायदा कांहीं मदत करीत नाहीं. १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदा कवीचा आणि संगीतकाराचा हक्क मानतो, त्यांच्या मृत्यूनंतरहि ६० वर्षें मानतो. २०१२ च्या दुरुस्तीनें त्यांना उत्पन्नांतला जो वांटा मिळाला, तो फार पूर्वींच मिळावयास हवा होता. लग्नाच्या वरातींत गाणें वाजविल्यास त्या हक्काचा भंग होत नाहीं, अशी सवलतहि या कायद्यांत आहे. मंगलकार्यापुढें मालकानें थोडें बाजूला सरकावें, इतकें शहाणपण तो करणाऱ्यांना होतें. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत एरवीं कर्णे बंद ठेवावयास सांगतात. पण दुपारीं चार वाजतां, बेताच्या आवाजांत लावलेल्या गाण्यानें एका आईचें काय होतें, हें मोजण्याचें माप त्या नियमांत नाहीं. तें तेथें नसावें, असेंच मला वाटतें. जें शेजाऱ्यानें शेजाऱ्यासाठीं करावयाचें, तें शिपायानें येऊन करविलें तर त्यांत कांहीं राहत नाहीं.

मुलांनीं अखेर ऐकलें. त्या वर्षीं तें गाणें लागलें नाहीं, आणि आपल्या हातून एक सत्कृत्य झालें असें आळीला वाटलें. विसर्जनाच्या आदल्या दिवशीं काकी स्वतः मंडपांत आल्या आणि म्हणाल्या, "त्याचं गाणं का बंद केलंत रे? ते लागलं की तो ताटावरनं उठून धावायचा. मी रोज वाट बघत होते."

मुलांना काय बोलावें तें सुचेना. त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना मी दोष देणार नाहीं. दयाबुद्धीला जें सुचतें तेंच त्यांना सुचलें. पण सगळ्यांची समजूत अशी होती कीं, काकींच्या मनांत त्या गाण्याला एकच आठवण चिकटलेली आहे, आणि ती शेवटची. त्यांच्यापाशीं त्या गाण्याचे कितीतरी दिवस होते. शेवटच्या दिवसानें ते पुसले गेले नव्हते. उलट, त्यांतला एखादा परत मिळण्याची तेवढी एकच वाट त्यांना उरली होती, आणि तिच्यावर आळीनें मोठ्या प्रेमानें कुंपण घातलें.

कोणी म्हणेल, काकींनीं खरोखरच "गाणें लावूं नका" म्हटलें असतें, तर तें ऐकावयाचें कीं नाहीं? मी म्हणतों, ऐकावयाचें. प्रेतयात्रा येते तेव्हां आपण रस्त्याच्या कडेला उभे राहतों. तेवढ्यानें रस्ता कांहीं त्या माणसाच्या मालकीचा होत नाहीं. ज्या मुलाच्या बहिणीच्या हळदीला तें गाणें वाजलें होतें, त्यानें एक वर्ष थांबण्यांत बहिणीचें कांहीं हरवलें नसतें. मात्र दहा वर्षांनंतरहि, आळींत दुसऱ्या कोणाचें लग्न असतांना तीच बंदी चालावी, असें काकींनीं म्हटलें असतें तर मला तें मान्य करणें जड गेलें असतें. दुःखाचा मान मोठा. तथापि गाण्यांत इतरांचाहि संसार मांडलेला असतो.

एका गाण्यांत इतक्या माणसांचे संसार मावतात कसे, हें जुन्या गाण्यांकडे पाहिलें म्हणजे अधिक स्पष्ट होतें. याच भागांतल्या आगरी लग्नांत धवलारीण धवला गाते. तिचा वंश फार जुना आहे. मराठीची आद्य कवयित्री मानली जाणारी महदंबा हिनें तेराव्या शतकांत जे 'धवळे' रचिले, ते कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे. पण लग्नांत गाणें म्हणावयाचें तें याच नवरानवरीचें. म्हणजे गाणें जुनें आणि माणसें नवीं. जात्यावरच्या ओवींत तर हें आणखी उघड दिसतें. साने गुरुजींनीं 'स्त्री-जीवना'त ओव्या गोळा केल्या. पुढें हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जमविलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. या ढिगांत एकच ओवी चार गांवांत चार निरनिराळ्या भावांच्या नांवांनीं भेटते. भावाचें नांव, मुलाचें नांव, माहेरचें नांव घालावयाला तींत जागाच सोडलेली असे. एकीनें दुसरीची ओवी चोरली, असें कोणा बाईला कधीं वाटलें नाहीं. आपल्या भावाचें नांव तींत घालतांना मागल्या बाईच्या भावाचें नांव काढावें लागे, आणि तरी तिच्या मायेची ऊब त्या ओवींत उरलेलीच असे.

ध्वनिमुद्रिका आल्या आणि ही जागा बुजली. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडींत प्रत्येक शब्द, प्रत्येक श्वास कायमचा बसविलेला. तींत मी माझ्या भावाचें नांव कोठें घालणार? माझी अशी समजूत आहे कीं, नांव घालतां येईना म्हणून माणसांनीं आठवण घालावयास सुरुवात केली. गायनशिक्षक ज्याला अरसिकपणा म्हणत, तो या दृष्टीनें ओवी गाणाऱ्या आजीचाच वारसा आहे. मुंबई आकाशवाणीच्या 'आपली आवड' या कार्यक्रमांत गाण्याआधीं फर्माईश करणाऱ्या श्रोत्यांचीं नांवें आणि गांवें वाचून दाखवीत. त्या लांबलचक यादीला कंटाळणारे लोक मीं पाहिले आहेत. मला ती यादी गाण्याइतकीच आवडे. न पाहिलेल्या माणसांची एवढी मोठी रांग एकाच गाण्याच्या दाराशीं उभी, आणि आंत शिरतांना कोणीच कोणाला ढकलीत नाहीं! १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणें आकाशवाणीवरून दर आठवड्याला 'गीतरामायण' होत असे. त्या ५६ गीतांच्या वेळीं लोकांनीं रेडिओला हार घातले, असें सांगतात. गोष्ट रामाची, सर्वांना ठाऊक असलेली. पण त्या ऐकणाऱ्यांत ज्याचा भाऊ दुरावला होता त्याला भरतभेटीच्या वेळीं काय ऐकूं आलें असेल, तें शेजारीं बसलेल्यालाहि कळलें नसेल.

आज सकाळच्या लोकलमध्यें आंबिवलीला चढणाऱ्या तरुणांच्या कानांत बारीक यंत्रें असतात. कोणाचें गाणें कोणाच्या दुःखावर पडत नाहीं, रात्रपाळीच्या माणसाची झोप मोडत नाहीं. ही सोय लहान नाहीं. मंडपांतल्या भिंती हादरविणाऱ्या आवाजापेक्षां ती शतपटीनें सभ्य आहे. तरी एक शंका मनांतून जात नाहीं. काकींनीं नुसतें "त्याचं गाणं" म्हटलें, आणि मंडपांतल्या पोरांना नांव विचारावें लागलें नाहीं, कारण तें सबंध आळीनें ऐकलेलें होतें. समोरच्या बाकावरच्या या मुलाचे ओठ किंचित् हलत आहेत, बोटांनीं तो मांडीवर ठेका धरतो आहे. तें कोणतें गाणें आहे, हें त्याच्या घरीं कोणाला ठाऊक असेल?