नकाराला जागा

धर्म सांगायचा तर ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगावा, हे मराठीला नवे नाही. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' राशोलला छापून निघाले. दहा हजारांहून अधिक ओव्या, घाट थेट आपल्या पुराणांचा. मराठीवर इतके प्रेम करणारा परदेशी विरळाच.

पण राशोल ज्या साष्टीत आहे, गोव्यातल्या त्याच साष्टीत देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले, त्यामागे हाच संताप होता. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाला शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, तर १५६० पासूनच होते. म्हणजे ओवी आपली, पण ती ऐकताना मधूनच उठून जायची मुभा कितीजणांना होती? स्टीफन्स यांच्या काव्यगुणाला याने बाध येत नाही. मात्र गोड भाषा म्हणजे आदर, हे समीकरण इथे मोडते. आदराची परीक्षा समोरच्याच्या नकाराशी होते.

या परीक्षेचा एक मराठी दाखला घरातलाच आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्या, तेही आपले सोवळे सांभाळून. चूल वेगळी, पाणी वेगळे, एका छपराखाली दोन धर्म. टिळक भजने रचत, कीर्तने करत, गावोगाव ख्रिस्त सांगत; घरात मात्र बायकोची चूल त्यांनी मोडली नाही. जातिभेद देवाने केला की माणसांनी, हा प्रश्न लक्ष्मीबाईंना स्वतःलाच पडला आणि सोवळे त्यांनी आपल्या हाताने सोडले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. ही हकिगत 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनीच सांगितली आहे, आणि त्यांच्या सांगण्यात कुठेही हरल्याचा सूर नाही.

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे प्रकरण अधिक अवघड. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. रानडे आणि भांडारकर हे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, येणाऱ्यांना मी बोलावले नाही आणि येऊ नका असेही म्हणणार नाही. यात खोट काढता येत नाही. तरीही जिच्या डोक्यावर दुसरे छप्पर नाही अशा बालविधवेला ते उघडे दार कसे दिसत असेल, हा टीकाकारांचा प्रश्न निव्वळ सनातनी म्हणून झटकता येत नाही. फक्त तो त्यांनी स्वतःलाही विचारायला हवा होता: या मुलींना आपल्या घरात तरी 'नाही' म्हणायची सोय कुठे होती?

म्हणून श्रद्धा सांगणाऱ्याने आपल्या शब्दांआधी आपले वजन तपासावे. ताटात अन्न आपण वाढतो का, फी आपण भरतो का, नोकरी आपल्या हातात आहे का? असेल तर ते देणे श्रद्धेपासून तोडून ठेवावे, आणि नकार देणाऱ्यालाही उद्या तेच ताट तितकेच भरलेले मिळावे. ही अट ख्रिस्ती धर्मोपदेशकाला लागू आहे, तशीच माणसाला त्याच्या जन्मधर्मात अडकवून ठेवणाऱ्या कुटुंबाला, जातपंचायतीला आणि सरकारलाही. जिथे नाही म्हणता येत नाही, तिथल्या होकाराला श्रद्धा म्हणायचे कशाच्या जोरावर?